शहाजी, पिराजी, फकिरा: नवसाच्या नावांचं कूळ

इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे आणि तिथंच चाँदशहावली बाबांचा दर्गा. मालोजी निजामशाहीचे सरदार. पुणे आणि सुपे त्यांच्या जहागिरीत होते. इंदापूरला लढताना ते पडले, असं ‘शिवभारत’ सांगतं. महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध नवसाची नावं याच घरातली.

बखरींतली हकिकत अशी. मालोजी आणि फलटणच्या निंबाळकरांची लेक उमाबाई यांच्या पोटी संतान नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला आणि दोन मुलगे झाले. पिराचं नाव दोघांत वाटलं गेलं: थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजींचं नाव मात्र त्यांच्या पराक्रमानं घरोघरी गेलं. आज ते ठेवताना पीर कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून मालोजींनी कुळाचार सोडला का? मुळीच नाही. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या यात्रेकरूंसाठी तळं बांधलं ते त्यांनीच.

नवसाचा हिशेब रोखठोक असतो: देणाऱ्याचं नाव लागतं. खंडोबानं दिला तो खंडू, पिरानं दिला तो पिराजी. नवस फिटला की दर्ग्यावर गलेफ चढवायचा, ऊद जाळायचा, मलिद्याचा नैवेद्य दाखवायचा. मोहरमचा नवस असला तर पोराच्या गळ्यात रंगीत नाडा बांधून त्याला फकीर करायचं आणि पाच घरी भिक्षा मागवायची. फकिरा हे नाव या वळणाचं. अण्णा भाऊ साठ्यांच्या १९५९च्या कादंबरीनं ते साऱ्या मराठी वाचकांना ओळखीचं केलं.

बारामती तालुक्यातल्या सुप्याला शहा मन्सूरचा दर्गा आहे. तिथं हिंदूही नवस बोलतात. राज्यकर्त्यांनीही हा व्यवहार तोडला नाही. देवस्थानांप्रमाणेच पीर आणि मशिदींची दिवाबत्ती, नैवेद्य शिवाजीराजांनी चालू ठेवले, अशी नोंद सभासदाच्या बखरीत आहे.

सत्पुरुषाचं नाव पोराला देण्याची रीत आपलीच नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये मुरीद पंथाचे संस्थापक अमादू बांबा १९२७ साली वारले. त्यांच्या नावावरून मुलांना आजही ‘बांबा’ म्हणतात.

या नावांना धर्मैक्याचा जाहीरनामा समजू नये आणि बाटल्याची खूणही मानू नये. मूल हवं असलेल्या आईबापांनी फेडलेलं ते ऋण आहे. घरची वंशावळ असेल तर एकदा काढून बघा. चार-पाच पिढ्यांमागे एखादा पिराजी तुमच्याही घरात निघेल.