बंगभंगविरोधी आंदोलनाचा हरवलेला चित्रपट

बराकपूर हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते मंगल पांडे यांच्यामुळे. मार्च १८५७ मध्ये त्यांनी ज्या छावणीत बंदूक उचलली, ती छावणी कोलकात्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पूर्व काठावर आहे. समोरच्या काठावर श्रीरामपूर असून, विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथेच छापले गेले. मात्र बराकपूरचा संबंध आणखी एका उठावाशी येतो आणि त्यात शस्त्राला स्थान नव्हते. १९०५ च्या बंगभंगविरोधी आंदोलनाचे अग्रणी सुरेंद्रनाथ बॅनर्जी बराकपूरच्या मणिरामपूर भागात राहत. ६ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले. १८९५ च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते महाराष्ट्राला आधीपासून माहीत होते.

या आंदोलनातील एका प्रचंड सभेचे चित्रण हिरालाल सेन यांनी २२ सप्टेंबर १९०५ रोजी कोलकात्याच्या टाऊन हॉल परिसरात केले. भारतातील पहिला राजकीय चित्रपट म्हणून चित्रपटाच्या इतिहासात या चित्रणाचा उल्लेख होतो. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

बंगालच्या विभाजनाचा निर्णय जुलै १९०५ मध्ये जाहीर झाला. कारभाराच्या सोयीसाठी एवढा मोठा प्रांत विभागणे आवश्यक आहे, असे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या सरकारचे म्हणणे होते. बंगालमधील राजकीय जागृती मोडून काढणे हाच खरा हेतू असल्याचा विरोधकांचा आरोप होता. ७ ऑगस्ट रोजी टाऊन हॉलमध्ये भरलेल्या सभेत परदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. प्रत्यक्ष विभाजन १६ ऑक्टोबर रोजी अमलात आले. त्या दिवशी अनेक घरांत चूल पेटली नाही आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्या आवाहनानुसार लोकांनी एकमेकांच्या हाती राख्या बांधल्या. बहिष्कार, उपवास, मिरवणूक आणि राखी ही या लढ्याची साधने होती. बंगालमध्ये क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनाही याच काळात वाढल्या, हे खरे. परंतु १९०५ च्या त्या महिन्यांत रस्त्यावर उतरलेला जनसमुदाय निःशस्त्र होता.

महाराष्ट्राचा या लढ्याशी संबंध केवळ सहानुभूतीचा नव्हता. देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ मध्ये 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालीत लिहिले. ब्रिटिश राजवटीत देशाचे आर्थिक शोषण कसे होते, याची मांडणी त्यात होती. स्वदेशीच्या काळात ते मोठ्या प्रमाणावर वाचले गेले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. लोकमान्य टिळकांनी बहिष्काराचा कार्यक्रम बंगालबाहेर नेला. जून १९०६ मध्ये कोलकात्यात झालेल्या शिवाजी उत्सवास ते स्वतः उपस्थित होते.

हिरालाल सेन यांचा जन्म ढाक्याजवळच्या माणिकगंज भागातील एका जमीनदार कुटुंबात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. छायाचित्रणात त्यांनी लवकरच नाव मिळवले होते. १८९८ मध्ये कोलकात्याच्या स्टार थिएटरमध्ये स्टीव्हन्सन नावाच्या एका परदेशी व्यावसायिकाने चालती चित्रे दाखवली. ती पाहून सेन या नव्या माध्यमाकडे वळले. लंडनच्या वॉरविक ट्रेडिंग कंपनीकडून त्यांनी यंत्रसामग्री मागवली आणि बंधू मोतीलाल यांच्यासह रॉयल बायोस्कोप कंपनी सुरू केली. क्लासिक थिएटरमधील नाट्यप्रवेशांचे चित्रण हा कंपनीचा मुख्य उद्योग होता. केशतेल आणि टॉनिक यांच्या जाहिरातीही सेन यांनी चित्रित केल्या. म्हणजे १९०५ मध्ये सभेसमोर कॅमेरा घेऊन उभा राहिलेला हा गृहस्थ राजकीय कार्यकर्ता नसून व्यावसायिक होता. या आंदोलनाला प्रेक्षक मिळेल, हे त्यास उमगले होते.

प्रत्यक्ष घटना चित्रित करण्याची कल्पना मात्र भारतात नवी नव्हती. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ मध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला होता. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रणही त्यांनी केले. भारतातील पहिला वृत्तपट म्हणून त्याची गणना होते. स्वागत समारंभ आणि सरकारविरोधी सभा यांत अर्थातच मोठे अंतर आहे. कोलकात्यात हे अंतर केवळ सेन यांनीच ओलांडले असे नाही. जे. एफ. मदन यांच्या कंपनीसाठी ज्योतिष सरकार यांनीही या आंदोलनातील सभा व मिरवणुकीचे चित्रण केले.

त्या काळच्या यंत्राच्या मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही. कॅमेरा लाकडी पेटीचा, हाताने फिरवावयाचा आणि तिकाटण्यावर खिळलेला असे. सेकंदाला सुमारे १६ चौकटी या गतीने फिल्मचा एक फूट एका सेकंदात संपे. शंभर फुटांच्या गुंडाळीत जेमतेम पावणेदोन मिनिटांचे दृश्य मावे. दूरचे जवळ आणणारे भिंग नव्हते आणि आवाज टिपण्याची सोय तर मुळीच नव्हती. सुरेंद्रनाथांची ख्याती होती ती त्यांच्या वक्तृत्वाची, आणि नेमके तेच कॅमेऱ्याला दुर्लभ होते.

सेन यांनी यावर काढलेला मार्ग साधा होता. सभेचा विस्तार एका दृष्टिक्षेपात यावा म्हणून त्यांनी कॅमेरा ट्रेझरी इमारतीच्या वर नेऊन ठेवला. व्यासपीठासमोर कॅमेरा लावला असता तर चार नेते हातवारे करताना दिसले असते. उंचावरून दिसला तो जनसमुदाय. जनआंदोलनाच्या माहितीपटाचा नायक कोण, या प्रश्नाचे हे भारतातील पहिले उत्तर मानावयास हरकत नाही, मग ते तांत्रिक अडचणीतून आलेले का असेना.

हा चित्रपट दाखवण्यासाठी कोणाचीही परवानगी लागली नाही, ही बाब आज आश्चर्याची वाटेल. नाटकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १८७६ पासून अस्तित्वात होता. चित्रपटांसाठीचा सिनेमॅटोग्राफ कायदा मात्र १९१८ मध्ये आला. मधल्या काळात सरकारच्या लेखी चालती चित्रे ही केवळ करमणूक होती. आंदोलनाच्या इतर साधनांना अशी मोकळीक नव्हती. एप्रिल १९०६ मध्ये बारिसाल येथील प्रांतिक परिषदेच्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि सुरेंद्रनाथांना अटक झाली. त्या घटनेचे तपशील आपल्याला वृत्तपत्रांतून आणि 'अ नेशन इन मेकिंग' या त्यांच्या आत्मचरित्रातून मिळतात.

बंगालची फाळणी डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात रद्द झाली. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, रॉयल बायोस्कोप कंपनी बंद पडली. भावांमधील मतभेद आणि मदन यांच्या वाढत्या साम्राज्याशी स्पर्धा यांमुळे सेन यांची आर्थिक स्थिती खालावली होती. ऑक्टोबर १९१७ मध्ये गोदामास लागलेल्या आगीत त्यांचे सर्व चित्रपट जळाले. कर्करोगाने आजारी असलेल्या सेन यांचे त्याच महिन्यात निधन झाले. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे आणि एकदा पेटली की विझवणे अवघड होई. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोपर्यंत जतन करण्याजोगे काही उरलेच नव्हते. २२ सप्टेंबरच्या सभेविषयी जे ठाऊक आहे, ते जुन्या जाहिराती, वृत्तपत्रे आणि संशोधकांचे लेखन यांच्या आधारे.

१९१८ नंतर परिस्थिती पालटली. १९२१ च्या 'भक्त विदुर' या पौराणिक चित्रपटातील विदुराचे महात्मा गांधींशी असलेले साम्य लक्षात येताच मद्रास व कराची येथे त्यावर बंदी आली. १९३० च्या मीठ सत्याग्रहाच्या अनेक चित्रणांची तीच गत झाली. ती विखुरलेली दृश्ये एकत्र आणण्याचे काम ए. के. चेट्टियार या तमिळ पत्रकाराने केले. अनेक देशांत फिरून त्यांनी सुमारे ५० हजार फूट चित्रण मिळवले आणि १९४० मध्ये गांधीजींवरील माहितीपट तमिळ भाषेत प्रदर्शित केला.

स्वातंत्र्यानंतर असा प्रसंग पुन्हा उद्भवला तो बिहारमध्ये. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली भ्रष्टाचार व महागाईविरुद्ध शांततामय आंदोलन उभे राहिले. ५ जून रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाशांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. मुंबईचे आनंद पटवर्धन त्या वेळी चोवीस वर्षांचे होते आणि आंदोलनात सहभागी होण्यासाठी बिहारमध्ये गेले होते. ४ नोव्हेंबरच्या मोर्चात पोलीस बळाचा वापर करतील अशी शंका असल्याने, पुरावा म्हणून छायाचित्रे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यातून चलच्चित्रणाची कल्पना पुढे आली. शंका खरी ठरली. त्या दिवशी जयप्रकाशांवरही लाठी उगारली गेली आणि त्यांना वाचवताना नानाजी देशमुख जखमी झाले.

कॅमेरा उसना होता, तोही घरगुती वापराचा सुपर-८ प्रकारचा. हे चित्रण पडद्यावर दाखवून पुन्हा १६ मिलिमीटर कॅमेऱ्याने टिपण्यात आले. दृश्ये त्यामुळे भरड झाली, परंतु ती मोठ्या पडद्यावर दाखवता येऊ लागली. या धडपडीतून 'क्रांती की तरंगें' हा अर्ध्या तासाचा माहितीपट साकारला. सेन यांनी उंचावरून समुदाय पाहिला होता. येथे कॅमेरा मोर्चात चालतो आणि आंदोलकांशी बोलतो. सत्तर वर्षांत यंत्र हलके झाले होते, त्याला आवाज मिळाला होता, आणि ते चालवणारा स्वतःच आंदोलक होता.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि हा चित्रपट उघडपणे दाखवणे अशक्य झाले. प्रतीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या मार्गांनी देशाबाहेर पाठवण्यात आले. पुढे शिक्षणासाठी कॅनडात गेलेल्या पटवर्धन यांनी ते तेथे पुन्हा जोडले आणि परदेशात चित्रपटाचे खेळ केले. त्या काळात देशातील राजकीय कैद्यांची स्थिती परदेशी प्रेक्षकांपुढे मांडण्यास त्याचा उपयोग झाला. सेन यांचे सर्व चित्रपट एकाच छताखाली होते आणि एका आगीत संपले. पटवर्धन यांचा चित्रपट वाचला तो विखुरल्यामुळे.

महाराष्ट्रातील याच परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे 'अ नर्मदा डायरी'. सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या अहिंसक लढ्यावरील हा माहितीपट पटवर्धन यांनी सिमंतिनी धुरू यांच्यासह १९९५ मध्ये पूर्ण केला. त्यासाठी सुमारे पाच वर्षे व्हिडिओवर चित्रण सुरू होते. या कालावधीत मेधा पाटकर यांची उपोषणे झाली, मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या उर्वरित कर्जावर भारताने पाणी सोडले आणि त्याच वर्षी पोलिसांच्या गोळीबारात एका आदिवासी मुलाचा बळी गेला. फिल्मच्या हिशेबाने एवढे दीर्घ चित्रण अशा स्वतंत्र निर्मात्यांना परवडलेच नसते. व्हिडिओ फितीने ते शक्य केले. धरणाचे काम सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर पुढे सरकले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. महाराष्ट्रातील बुडीत गावांपैकी पहिले असलेल्या मणिबेलीच्या नदीकाठच्या वस्त्या आता जलाशयाखाली आहेत.