दिनविशेष : २४ फेब्रुवारी
पियो गामा पिंटो यांची हत्या (१९६५)

केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील गोमंतकीय वंशाचे झुंजार नेते व संसद सदस्य पियो गामा पिंटो यांची २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत, राहत्या घराचे फाटक उघडण्याची वाट पाहत मोटारीत बसले असताना, गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. त्या वेळी त्यांची लहान मुलगी मोटारीतच होती. १९२७ मध्ये नैरोबीत जन्मलेल्या पिंटो यांचे शिक्षण भारतात झाले. मुंबईत त्यांनी गोवा मुक्तीसाठी कार्य केले आणि १९४९ मध्ये ते केनियात परतले. तेथे गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावलेल्या जमिनींसाठी प्रामुख्याने किकुयू शेतकऱ्यांनी उभारलेल्या सशस्त्र उठावाला, म्हणजेच ‘माऊ माऊ’ला, त्यांनी साहाय्य केले, त्यामुळे १९५४ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना मांडा बेटावर स्थानबद्ध केले. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला, तरी भूमिहीनांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही, हेच त्यांचे खरे मोठेपण होय. स्वतंत्र केनियातील ही पहिली राजकीय हत्या मानली जाते. मृत्युसमयी पिंटो अवघे ३७ वर्षांचे होते.