तयार कपड्यांचे माप आणि ठेंगणी स्त्री



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत बायकांच्या कपड्यांच्या मापावर बोलावे, याचे काहींना हसू येईल. पण जी बाई चार फूट आठ इंच उंच आहे आणि जिला उद्या मुलाखतीला, वर्गावर किंवा कारखान्याच्या फाटकाशी उभे राहावयाचे आहे, तिला हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. ती दुकानात जाते. मोठ्यांचे कपडे तिला ढगळ होतात. खांदे दंडावर उतरतात, बाह्या बोटे झाकतात. मग दुकानदार तिला लहान मुलींच्या कपाटाकडे नेतो. तेथे लांबी जुळते, पण सोबत झालरी आणि फुलपाखरे येतात. शिवाय तो कपडा प्रौढ स्त्रीच्या छातीसाठी बेतलेलाच नसतो. चाळिशीच्या बाईने पोरीचा वेष करावयाचा, आणि मग जगाने तिला पोरीसारखेच वागवावयाचे! हे असे का झाले, ते पाहण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

यंत्रापूर्वी बेतून शिवलेला कपडा बहुधा अंगावरून माप घेऊनच होई. आपल्याकडे तर लुगडे होते. ठेंगणी बाई नेसताना चार बोटे जास्त खोचते, उंच बाई कमी. एकच लुगडे सासूलाही होते आणि सुनेलाही. माप लागे ते चोळीला, आणि ते शिंपी घेई किंवा घरातलीच कोणी बाई. तात्पर्य, अंगाप्रमाणे कपडा हा नियम होता. कपड्याप्रमाणे अंग, हा उलटा नियम यंत्रयुगाने आणला.

अमेरिकेत १८४६ मध्ये इलायस हाऊ यांनी आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी शिवणयंत्राची पेटंटे घेतली. १८६१ ते १८६५ च्या तेथील यादवी युद्धात लक्षावधी सैनिकांना गणवेश पुरवावयाचे होते; त्यातून पुरुषांची शरीरे ठरावीक मापांत बसविण्याची रीत पक्की झाली. १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक यांनी निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकावयास काढले. पुढे स्त्रियांचे कपडेही कारखान्यात होऊ लागले. तेथे कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून एकदम कापतात. ढीग जितका मोठा तितका नगामागे खर्च कमी. प्रत्येक नवे माप म्हणजे नवा नमुना, नवा ढीग आणि माल पडून राहण्याची नवी भीती. तेव्हा ज्या मापाच्या बायका पुष्कळ तेवढीच मापे काढावयाची, हा मालकाचा हिशेब ठरला. शिवणारणीच्या हाती यातले काहीच नाही. पुढ्यात आलेले तुकडे ती जोडते.

परंतु कोणत्या मापाच्या बायका पुष्कळ, हे तरी कोणी मोजले होते? १९३९-४० मध्ये अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्याने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० स्त्रियांची मोजदाद केली. एकेकीची पन्नासाहून अधिक मापे घेतली. १९४१ मध्ये अहवाल निघाला. काम मोठेच होते. पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. बाकीच्या कष्टकरी भगिनींची शरीरे कोष्टकाबाहेर राहिली.

टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांकडे न बसणारा माल परत येई आणि तोटा होई. त्यांनी सरकारकडे धाव घेतली आणि १९५८ मध्ये प्रमाणित कोष्टक प्रसिद्ध झाले. त्यात उंच, मध्यम आणि ठेंगणी असे तीन वर्ग होते. म्हणजे ठेंगण्या बाईला कागदावर जागा मिळाली! मात्र कोष्टक पाळणे ऐच्छिक होते, आणि १९८३ मध्ये सरकारने ते मागेच घेतले. मग प्रत्येक कंपनीने आपापल्या आकड्याला वाटेल तो अर्थ दिला.

या सुमारास 'पेटीट' हा शब्द बाजारात रुळला होता. न्यूयॉर्कच्या हॅना ट्रॉय या कपडे करणाऱ्या बाईंच्या नावाशी त्याची सुरुवात जोडली जाते. त्यांनी १९४० च्या दशकात ओळखले की पुष्कळ स्त्रियांचे खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंतर तयार कपड्यात धरलेल्यापेक्षा कमी असते. नुसती खालची पट्टी दुमडून भागत नाही. कंबर, मुंढा, कोपर, गुडघा या सर्वांच्या जागा वर सरकवाव्या लागतात. कोणताही जाणता शिंपी हे सांगेल. पण हा वर्गही सामान्यतः पाच फूट चार इंचांपर्यंतच्या स्त्रियांसाठी धरतात. जी पाच फुटांच्याही खाली आहे, तिला तोसुद्धा मोठाच होतो.

आता कामाच्या जागेकडे पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यात, चालत्या यंत्राला तेलपाणी करणाऱ्या पुरुष कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवावेत, असे कलम होते. ढगळ बाही यंत्रात सापडली की काय होते, हे कायदा करणारांना ठाऊक होते. मग ढगळ हातमोजे आणि ढगळ कोट घालून काम करणाऱ्या ठेंगण्या स्त्रीचे काय? अमेरिकेच्या नासा संस्थेत मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी मिळून यानाबाहेर जावयाचे ठरले होते. दोघींना हव्या त्या मापाचे धड एकच तयार होते, म्हणून बेत बदलावा लागला. स्त्रियांच्या जोडीने तो पल्ला १८ ऑक्टोबर २०१९ रोजी गाठला. अवकाशात जाणारीची ही कथा, तर गिरणीत जाणारीची काय सांगावी?

आपल्या देशात तर हिशेबच वेगळा आहे. येथील सर्वसाधारण स्त्री सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास उंच. अमेरिकन दुकानात जी अपवाद ठरते, ती येथे बहुसंख्य आहे. तरीही आपला तयार कपड्यांचा धंदा वर्षानुवर्षे परदेशी कोष्टकांवर चालत आला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग या ६ शहरांत २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेण्याचे काम हाती घेतले, हे स्वागतार्ह आहे. पण ऊसतोडणीची बाई, विडी वळणारी बाई या शहरांत थोडीच भेटणार? ती मोजली गेली नाही, तर १९४१ चीच चूक आपल्या घरी होईल.

म्हणून संघटनांनी पगाराच्या मागणीबरोबर कामाच्या कपड्यांची मापेही करारात लिहून घ्यावीत, आणि गिऱ्हाइकांनी दुकानदाराला घेराबरोबर उंचीचेही माप विचारावे. कोष्टके माणसांनी केली आहेत. ती बदलताही येतात. मापात न बसणाऱ्या बाईने स्वतःला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. कमी पडले आहे ते माप घेणारांचे काम.