वर्गात बसण्याची मुभा

परिचर्या हे स्त्रियांचेच क्षेत्र, असे आपण इतके गृहीत धरतो की त्यापायी एखाद्या पुरुषावर अन्याय होईल, हे आमच्याही ध्यानी आले नव्हते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील कोलंबस गावी जो होगन हे रुग्णालयात परिचर्या पर्यवेक्षक होते. पदवी मिळावी म्हणून १९७९ साली त्यांनी गावातल्याच सरकारी महिला विद्यापीठाकडे अर्ज केला. पात्रता होती, अडचण एवढीच की ते पुरुष होते. वर्गात बसून ऐकण्यास हरकत नाही, पदवी मात्र मिळणार नाही, असे उत्तर आले. होगन न्यायालयात गेले.

स्त्रियांवरील जुन्या अन्यायाची ही भरपाई आहे, असा राज्याचा दावा होता. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. निकाल लिहिला तो सँड्रा डे ओ'कॉनर यांनी, त्या न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्तींनी. १९७० साली मिसिसिपीत परिचर्येच्या ९४ टक्के पदव्या स्त्रियांनाच मिळाल्या होत्या. मग भरपाई कशाची? उलट अशा मनाईने 'हे बायकांचे काम' हा समजच पक्का होतो, असे त्यांनी बजावले. राज्याचा पक्ष खऱ्या अर्थाने ढासळला तो त्या मुभेमुळे. पुरुष वर्गात बसल्याने शिक्षकांच्या शिकविण्यात काही फरक पडत नाही, हे खटल्यातील पुराव्यावरूनच दिसत होते.