पाना आहे, पण स्कॅनर नाही

परवा भाजी घेऊन निघालो आणि पिकअपच्या मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. आमच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, वायरी हलवून बघितल्या आणि म्हणाला, "दादा, कुठलातरी सेन्सर आहे. पण ह्या मॉडेलचं सॉफ्टवेअर माझ्या स्कॅनरमध्ये नाही. शोरूमलाच न्या." वीस वर्षं आमची इंजिनं उघडून बसवणाऱ्या माणसाने हात टेकले. शोरूमचं बिल किती झालं ते इथे लिहीत नाही, घरी अजून सांगितलेलं नाही.

म्हणून ही गोष्ट जरा मुळातून वाचली. आपल्याकडे 2011 मध्येच हा वाद भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. तक्रार तीन कार कंपन्यांविरुद्ध होती: अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. तपास वाढत गेला आणि 25 ऑगस्ट 2014 ला 14 कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड झाला. टाटा मोटर्स 1,346 कोटी, मारुती 471, महिंद्रा 292.

दंडापेक्षा मला त्यातला वाद जास्त पटला. कंपन्या म्हणत होत्या, गिऱ्हाईक गाडी घेतानाच पुढच्या दुरुस्तीचा हिशेब करतं, महाग वाटली तर दुसरी घेतं. आयोगाने ते मानलं नाही. एकदा गाडी दारात आली की माणूस अडकला. एका कंपनीचा पार्ट दुसरीच्या गाडीला बसत नाही, म्हणजे आपापल्या पार्टच्या बाजारात प्रत्येक कंपनी एकटीच मालक. दावणीला बांधलेला बैल दुसऱ्याच्या गव्हाणीत तोंड कसं घालणार?

सुरक्षेचं कारणही पुढे केलं गेलं. खरं सांगायचं तर डुप्लिकेट पार्टची भीती अगदीच खोटी नाही. पण अस्सल माल काउंटरवर मिळतच नसेल तर माणूस डुप्लिकेटच घेणार ना? आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुली करायला सांगितली. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, हेही सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसानचा दंड कमी केला, दोष मात्र कायम ठेवला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्ये कारसाठी हा हक्क 86 टक्के मतांनी मागून घेतला. शेती यंत्रांसाठी कोलोरॅडोने 2023 मध्ये कायदा केला, तोही शेतकऱ्यांनी रेटा लावला तेव्हा.

आपल्याकडे 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागले. पंपाच्या जागी कॉमन रेल आणि ईसीयू आला, म्हणजे पिकअपमधला तो पिवळा दिवा आता वावरातही आला. ज्यांनी असा ट्रॅक्टर घेतलाय त्यांनी खाली लिहा: बिघाड झाला तर गावातला मिस्त्री स्कॅनर लावू शकतो का, आणि ऐन पेरणीत कंपनीचा माणूस यायला किती दिवस लागले?