माहूरची रायबागन: बंड मोडणारी देशमुखीण

रायबागन हे नाव मराठी वाचकाला बहुधा उंबरखिंडीपुरतंच ठाऊक असतं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखान उझबेकाची मोगल फौज कोकणात उतरणाऱ्या अरुंद वाटेत कोंडली, आणि खानासोबतच्या माहूरच्या देशमुखीणीने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला, एवढाच तो प्रसंग. मग कुणी तिला स्वराज्याची वैरीण म्हणतो, कुणी महाराजांच्या पराक्रमाची साक्षीदार. दोन्हीकडे ती दुसऱ्याच्या गोष्टीतलं एक पात्र होऊन राहते. माझं म्हणणं असं की सावित्रीबाई ऊर्फ रायबागन समजून घ्यायची तर आधी माहूरची देशमुखी पाहावी लागते.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या मुलखाचे धनी झपाट्याने बदलले. कंधारचा किल्ला १६३१ साली मोगलांकडे गेला, उदगीर १६३६ साली, आणि त्याच वर्षी निजामशाही संपली. किल्ल्यावरचं निशाण बदललं तरी परगण्याचा वसूल गोळा करणारा, गावांचे तंटे ऐकणारा आणि हाताशी शिबंदी बाळगणारा देशमुख सहसा तोच राहिला. माहूरच्या उदारामाने मलिक अंबरची बाजू सोडून जहांगीर बादशहाची मनसब पत्करली ती याच हिशेबाने. मनसब बादशहाच्या मर्जीची असते, वतन वंशपरंपरेचं; पण त्या वतनालाही सनद लागते आणि सनदेमागे तलवार. वारस अल्पवयीन आणि मागे विधवा आई, असं घर तर भाऊबंदांना आणि शेजाऱ्यांना आयतंच सापडतं. माहूरच्या याच घरात सावित्रीबाई तशी विधवा आई होती. वऱ्हाडात हरचंदरायाने बंड केलं तेव्हा तिने फौज घेऊन ते मोडलं आणि औरंगजेबाने तिला रायबागन हा किताब दिला, असं परंपरा सांगते. बादशहाला त्यात निष्ठा दिसली असेल. मला तिथे आधी दिसतो तो मुलाच्या वतनाचा बचाव, कारण मुलूख बंडखोराच्या हाती गेला असता तर पहिला घाव माहूरच्या देशमुखीवरच पडला असता.

हाच पेच इंग्लंडच्या उत्तरेतही दिसतो. १५६९ साली एलिझाबेथ राणीविरुद्ध उठाव झाला तेव्हा नॉर्थम्बरलंडची काउंटेस अ‍ॅन पर्सी स्वतः घोड्यावर बसून बंडखोरांच्या फौजेबरोबर निघाली. त्यामागे कॅथलिक श्रद्धा तर होतीच, पण पर्सी घराण्याचा पिढीजात अधिकार राणीची माणसं पोखरत आहेत, ही चीडही होती. उठाव फसला, १५७२ साली यॉर्कमध्ये पतीचा शिरच्छेद झाला आणि तिला परागंदा होऊन परमुलखात दिवस काढावे लागले. एक बंडात उतरली, दुसरीने बंड मोडलं. घराण्याचा हक्क मात्र दोघींच्याही पुढ्यात होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वराज्याविरुद्ध लढल्याचा. ती लढली, हे नाकारण्याचं कारण नाही. परंतु कारतलबखानाच्या त्याच फौजेत जाधव होते, गाढे होते, कोकाटे होते. खुद्द शहाजीराजे १६६१ साली आदिलशाहीच्या चाकरीत होते. त्या वर्षी माहूरच्या देशमुखीणीपुढे स्वराज्य हा पर्याय म्हणून उभाच नव्हता. सह्याद्रीपासून इतक्या दूर, मोगली अमलात पुरत्या वेढलेल्या मुलखात तो उभा राहणार तरी कसा? नंतर रूढ झालेली निष्ठेची फूटपट्टी तिला लावणं हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उंबरखिंडीतला तिचा संवाद परमानंदाच्या ‘शिवभारता’त येतो, आणि परमानंद महाराजांचा कवी. शत्रूच्या तोंडून आपल्या राजाची थोरवी वदवणं हा दरबारी काव्याचा जुना रिवाज आहे. ते शब्द तिचेच होते असं म्हणता येणार नाही. पण एवढे नामांकित सरदार हाताशी असताना, चुकलेल्या खानाला स्पष्ट सुनावण्याचं काम कवीने त्या बाईकडेच का दिलं? तिचा तसा लौकिक विरोधी गोटातही पोचला असावा, याहून सोपं उत्तर मला दिसत नाही. एकमेकांचे वैरी असलेले दोन पक्ष वेगवेगळ्या प्रसंगांत तिच्या धैर्याची नोंद घेतात, हा पुरावा हलका नाही. सल्ल्यातही तोच हिशेब दिसतो: रानात कोंडलेली, पाण्याविना तळमळणारी फौज झुंजवून तिचे स्वार मेले असते, तर माहूरचं रक्षण कुणी केलं असतं? खानाने खंडणी भरली, सामान तिथेच टाकलं आणि उरलेली माणसं जिवानिशी बाहेर पडली. त्यांत तिचीही होती.