ब्लॅक बटलर: सूड हवा, तर आत्मा द्या!

ब्लॅक बटलर ही याना तोबोसो यांची जपानी मांगा, म्हणजेच कॉमिक्स मालिका आहे. तिचे मूळ नाव ‘कुरोशित्सुजी’. २००६ पासून ती ‘मंथली जीफँटसी’ या मासिकात क्रमशः येते.

कथा काय आहे?
कथा राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमध्ये घडते. सिएल फँटमहाइव्हच्या दहाव्या वाढदिवशी त्याच्या आईवडिलांची हत्या होते आणि त्याला एका अघोरी पंथाला विकले जाते. तिथल्या छळात त्याच्या हाकेला धावून येतो तो देव नव्हे, सैतान.

करार काय आहे?
सूड पूर्ण होईपर्यंत सैतानाने सिएलचे रक्षण करायचे, त्याचा प्रत्येक हुकूम पाळायचा आणि त्याच्याशी खोटे बोलायचे नाही. मोबदल्यात शेवटी सिएलचा आत्मा घ्यायचा. कराराची खूण सिएलच्या उजव्या डोळ्यात आहे, म्हणून तो पट्टी बांधतो. तीच खूण सैतानाच्या डाव्या हातावर, हातमोज्याखाली असते.

वेगळेपण कशात?
सेबॅस्टियन नावाने बटलर झालेला हा सैतान सिएलला कपडे घालतो, चहा देतो, संकटातून वाचवतो. पण ही माया नाही. शिकारी आपले भक्ष्य जपतो आहे. सिएलला हे ठाऊक आहे. तरी माणसांनी विकलेल्या या मुलाला खोटे न बोलणारा सैतानच जवळचा वाटतो.

सुरुवात कुठून करावी?
२००८ च्या ॲनिमेचा शेवट मांगापेक्षा वेगळा आहे. मूळ कथा हवी असेल, तर मांगाच वाचा.